तेलाची विहीर की वायूची?

वटवाघूळ हा पक्षी की सस्तन प्राणी, हा प्रश्न आपण प्राथमिक शाळेपासून वर्गात विचारत आलो आहोत. उत्तर काहीही आले तरी वटवाघळाचे काही बिघडत नाही. ते रात्री उडते, पिलांना दूध पाजते आणि आपल्या वर्गीकरणाची दखलही घेत नाही.

पण काही वर्गीकरणे अशी असतात की, वस्तूचे नाव बदलले की तिचा मालक बदलतो, कर बदलतो, ती किती काढायची याची मर्यादा बदलते. अशा वर्गीकरणाचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांत सापडते. तेथे जमिनीत खोदलेली प्रत्येक विहीर ‘तेलाची’ की ‘वायूची’ हे त्या त्या राज्याच्या नियमांनुसार ठरते आणि त्यानुसार तिची माहिती सरकारदरबारी नोंदवावी लागते.

समजा, एका विहिरीतून दिवसाला २० बॅरल तेल आणि ४ लाख घनफूट वायू निघतो. ही विहीर कशाची? टेक्सास राज्यात ती तेलाची ठरते. तीच विहीर शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात असती, तर ती वायूची ठरली असती. खडक तोच, तेल तेच, वायूही तोच. असे का होते हे समजून घ्यायचे, तर आधी जमिनीखाली डोकावून पाहायला हवे.

जमिनीखालचा सोडा

खनिज तेलाचे जमिनीखाली तळे असते असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात तेल हे वालुकाश्म, चुनखडी यांसारख्या खडकांच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असावे तसे भरलेले असते. ते हजारो फूट खोल, मोठ्या दाबाखाली असते आणि या दाबामुळे त्यात नैसर्गिक वायू विरघळलेला असतो.

सोडावॉटरची बंद बाटली डोळ्यांसमोर आणा. बाटली बंद असताना आत केवळ द्रव दिसतो. झाकण उघडले की दाब कमी होतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. तेलविहिरीत तेच घडते. तेल वर येताना त्यावरचा दाब उतरत जातो, एका ठरावीक दाबाखाली वायू सुटू लागतो आणि विहिरीच्या तोंडाशी तेल व वायू यांचे मिश्रण बाहेर पडते. तेथे ते एका बंद टाकीत नेतात. या टाकीला सेपरेटर म्हणतात. त्यात वायू वरून निघून जातो, तेल खाली राहते आणि दोन्ही वेगवेगळे मोजता येतात.

काही ठिकाणी तेलाच्या थराच्या वर मोकळ्या वायूचा थर टोपीसारखा बसलेला असतो. काही ठिकाणी खाली फक्त वायूच असतो. आणखी काही ठिकाणी खाली सगळे वायुरूपात असते, पण वर येताना दाब व तापमान उतरल्यामुळे त्यातला काही भाग द्रव होतो. या हलक्या, बहुधा फिकट रंगाच्या द्रवाला कंडेन्सेट म्हणतात.

थोडक्यात, निव्वळ तेल देणारी आणि निव्वळ वायू देणारी अशी दोन टोके आहेत आणि मधल्या सर्व प्रकारच्या विहिरी निसर्गात आढळतात. कोठेही ‘येथे तेल संपले, येथून वायू सुरू’ अशी पाटी नाही. शिवाय विहिरीचे वयही लक्षात घ्यावे लागते. उपसा होत गेला की खडकातला दाब घटतो आणि बऱ्याच तेलविहिरींतून दर बॅरलमागे निघणारा वायू वाढत जातो. आज एका टोकाजवळ असलेली विहीर काही वर्षांनी दुसऱ्या टोकाकडे सरकलेली असू शकते.

रेल्वे आयोगाकडे तेलाचा कारभार

टेक्सासमध्ये तेल आणि वायूच्या विहिरींवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नाव ऐकून प्रथम गोंधळ होतो. तिचे नाव आहे टेक्सास रेल्वे आयोग. १८९१ मध्ये तो रेल्वेच्या कारभारावर लक्ष ठेवण्यासाठी स्थापन झाला. १९१७ मध्ये तेलवाहिन्यांचे नियमन त्याच्याकडे आले, कारण त्याही मालवाहतूकच करत होत्या. १९१९ मध्ये तेल व वायूची नासाडी थांबवण्याचे कामही त्याच्याकडे सोपवले गेले. रेल्वेचे उरलेसुरले काम २००५ मध्ये दुसऱ्या खात्याकडे गेले, तरी नाव मात्र अजून तेच आहे.

या आयोगाची खरी परीक्षा १९३० नंतर झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात टेक्सासच्या पूर्व भागात, रस्क परगण्यात, ‘डेझी ब्रॅडफर्ड क्रमांक ३’ या विहिरीला तेल लागले. पुढे लक्षात आले की, खाली सुमारे ७० किलोमीटर लांबीचे एकच प्रचंड तेलक्षेत्र आहे. त्यावरची जमीन मात्र असंख्य लहान मालकांत वाटलेली होती. अमेरिकी कायद्याचा तत्कालीन नियम असा की, आपल्या जमिनीतल्या विहिरीतून जो तेल काढील, ते त्याचे, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून वाहत आलेले का असेना. एकाच शहाळ्यात अनेक मुलांनी नळ्या घातल्यावर जे होईल तेच येथे झाले. ज्याला मिळेल तितक्या वेगाने जो तो उपसू लागला. डॉलरच्या आसपास असलेला बॅरलचा भाव काही ठिकाणी दहा-पंधरा सेंटपर्यंत कोसळला. १९३१ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी सैनिक पाठवून विहिरी बंद करवल्या.

हा प्रश्न भावापुरता नव्हता. पूर्व टेक्सासच्या या क्षेत्रात तेलाला वर ढकलण्याचे काम बाजूने येणारे भूगर्भातले पाणी करते. उपसा फार वेगाने झाला तर दाब झपाट्याने घटतो, पाणी वाट मिळेल तसे घुसते आणि पुष्कळ तेल मागे खडकातच अडकून पडते. म्हणजे घाईने सगळ्यांचेच कायमचे नुकसान होते.

म्हणून आयोगाने प्रत्येक विहिरीला उपशाची मर्यादा ठरवून दिली. मर्यादा ठरवली की मोजमाप आले, मोजमाप आले की नोंद आली. मर्यादेपेक्षा जास्त काढून चोरून विकलेल्या तेलाला ‘गरम तेल’ असे नाव पडले. ते हाताला गरम लागत नसे. त्याच्यासोबत हिशेबाचा कागद नसे, इतकाच त्याचा दोष. १९३५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने असे तेल राज्याबाहेर नेण्यास कायद्याने बंदी केली. विहिरीच्या नोंदी ठेवण्याची शिस्त टेक्सासात रुजली ती या धामधुमीतून.

जो वायू हिशेबात नव्हता

त्या काळातला हिशेब मुख्यतः तेलाचा होता. तेलाबरोबर निघणारा वायू विकत घ्यायला जवळपास कोणी नसे. त्यातून पेट्रोलसारखे हलके द्रव काढून घेत आणि उरलेला वायू ज्वाळांत जाळून टाकत. विहीर तेलाची, म्हणजे वायू हा कचरा, अशी सर्वांची समजूत होती. तेलक्षेत्रातली घरे, दुकाने आणि शाळासुद्धा या फुकटच्या वायूला नळी जोडून घेत.

रस्क परगण्यातच न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलाच्या उत्पन्नामुळे तेथली शाळा ग्रामीण अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शाळांपैकी एक मानली जाई. खर्च वाचवण्यासाठी शाळेने विकतचा वायू बंद करून या उरलेल्या वायूच्या नळीला जोडणी घेतली. त्या वायूला रंग नव्हता आणि वासही नव्हता. तो गळून जमिनीखालच्या मोकळ्या जागेत साठत गेला. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास, सुतारकामाच्या वर्गातल्या एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि स्फोटात इमारत कोसळली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले.

यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने घराघरांत जाणाऱ्या वायूत तीव्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे केले. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र दर्प येतो, तो एथिल मरकॅप्टनसारख्या गंधकयुक्त संयुगांचा असतो. हे संयुग हवेत अत्यंत अल्प प्रमाणात असले तरी नाकाला कळते. सिलिंडर गळत असल्याचे आपल्याला वासावरून समजते, त्यामागे इतर कारणांबरोबर न्यू लंडनची ती दुपारही आहे.

तेलविहिरीतला वायू जाळून टाकण्याची चाल मोडायला आणखी दहा वर्षे लागली. १९४७ मध्ये रेल्वे आयोगाने सीलिगसन नावाच्या तेलक्षेत्राबाबत आदेश काढला: वायूचा उपयोग करण्याची सोय होईपर्यंत तेथल्या विहिरी बंद ठेवा. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा अधिकार मान्य केला. तेव्हापासून तेलविहिरीतला वायूही हिशेबाच्या वहीत आला.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देऊ लागलेल्या मुंबई हाय क्षेत्रातही तेलाबरोबर वायू निघतो. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला बराचसा समुद्रावरच ज्वाळांत जळून जाई. नळ घालून तो उरणला आणल्यावर आणि उपयोगाची साधने वाढल्यावरच तो कामी येऊ लागला.

विहिरीची जन्मपत्रिका

आता टेक्सासात एका विहिरीची नोंद कशी होते ते पाहू. खोदाईपूर्वी ‘डब्ल्यू-१’ हा अर्ज भरून परवाना घ्यावा लागतो. त्यात जागा, खोली, कोणत्या क्षेत्रात खोदणार, शेजारच्या हद्दीपासून अंतर किती, अशी माहिती असते. परवान्याबरोबर विहिरीला एक क्रमांक मिळतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९६० च्या दशकात ही क्रमांकपद्धत सुरू केली. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन परगण्याचे आणि त्यापुढचे पाच त्या विहिरीचे. टेक्सासचा अंक ४२ आणि रस्क परगण्याचा ४०१. म्हणून ‘४२-४०१’ असा आरंभ दिसला की विहीर रस्क परगण्यातली हे जाणकाराला तत्काळ कळते. याच विहिरीतून पुढे तिरपी शाखा काढली किंवा तिच्यावर पुन्हा मोठे काम केले, तर त्यासाठी आणखी दोन-दोन अंक असतात. मालक बदलला, विहिरीचे नाव बदलले, तरी हा क्रमांक बदलत नाही. विद्यार्थ्याच्या शाळेच्या दाखल्यावरील नोंदणी क्रमांकासारखाच हा प्रकार आहे.

विहीर खोदून झाली की तिची चाचणी घेतात. येथे वाट फुटते. विहीर तेलाची असेल तर ‘डब्ल्यू-२’ हा नमुना भरायचा, वायूची असेल तर ‘जी-१’. पुढे दर महिन्याला किती तेल निघाले, किती वायू निघाला, तो कोठे गेला, किती विकला, किती जाळला, याचा तक्ता पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत द्यावा लागतो. त्याशिवाय ठरावीक मुदतीने पुन्हा चाचणी घेऊन तिचे आकडे कळवावे लागतात, कारण आपण पाहिल्याप्रमाणे विहिरीचा स्वभाव काळाबरोबर बदलतो. शेवटी विहीर निकामी झाली की आतल्या निरनिराळ्या थरांवर सिमेंटची बुचे बसवून ती बंद करायची आणि कोणते बूच किती खोलीवर बसवले तेही लिहून द्यायचे.

या नोंदींत एक गंमत आहे. टेक्सासात वायुविहिरींचे उत्पादन एकेका विहिरीनुसार नोंदवले जाते, तर तेलाचे उत्पादन भाडेपट्ट्याच्या एका जमिनीतल्या सर्व तेलविहिरींचे मिळून नोंदवले जाते, कारण त्या विहिरींचे तेल बहुधा एकाच टाकीत जमते. म्हणजे विहिरीला दिलेल्या नावावर तिच्याविषयी आपल्याला किती बारकाईने माहिती मिळणार हेही ठरते. एकेका तेलविहिरीचे उत्पादन किती हे जाणण्यासाठी अभ्यासकाला चाचण्यांच्या आकड्यांवरून वाटणी करून अंदाज बांधावा लागतो.

रेषा कोठे ओढायची?

तेल की वायू हे ठरवण्यासाठी वायूचे आकारमान भागिले तेलाचे आकारमान, म्हणजेच वायू-तेल गुणोत्तर पाहतात. टेक्सासच्या कायद्यानुसार दर बॅरल तेलामागे १,००,००० घनफुटांपेक्षा जास्त वायू निघत असेल तर विहीर वायूची. एक लाख घनफुटांमागे निदान एक बॅरल तेल मिळत असेल तर ती तेलाची. ओक्लाहोमात हीच रेषा १५,००० घनफुटांवर आहे. अमेरिकेची केंद्रीय ऊर्जा माहिती संस्था विहिरींची आकडेवारी मांडताना ६,००० घनफुटांची रेषा वापरते. आपल्या काल्पनिक विहिरीत ४,००,००० भागिले २०, म्हणजे बॅरलमागे २०,००० घनफूट वायू आहे. ती टेक्सासात तेलाची आणि उरलेल्या दोन मोजपट्ट्यांनी वायूची का ठरते, हे आता स्पष्ट होईल.

एक लाख घनफूट म्हणजे किती? एक घनमीटरमध्ये सुमारे ३५.३ घनफूट असतात, म्हणजे हा वायू सुमारे २,८३२ घनमीटर भरतो. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी आपली वर्गखोली १४४ घनमीटरची. असे जवळजवळ वीस वर्ग भरतील इतका वायू. आणि त्याच्यासमोर तेल किती, तर एक बॅरल, म्हणजे सुमारे १५९ लिटर! तरीही टेक्सासात या विहिरीला तेलाची विहीर म्हणतात.

ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. सुमारे ६,००० घनफूट वायू जाळल्यावर जितकी उष्णता मिळते, तितकी साधारणपणे एक बॅरल तेलापासून मिळते. केंद्रीय संस्थेची ६,०००ची रेषा येथून आली आहे: ज्यातून जास्त ऊर्जा मिळते त्याचे नाव विहिरीला. या हिशेबाने टेक्सासच्या सीमारेषेवरची ‘तेलविहीर’ तेलापेक्षा सुमारे सतरापट ऊर्जा वायूच्या रूपाने देते. मग कोणती रेषा बरोबर? हा प्रश्नच चुकीचा आहे. टेक्सासच्या रेषेचा हेतू हक्क व मर्यादा ठरवण्याचा, तर केंद्रीय संस्थेच्या रेषेचा हेतू देशाच्या ऊर्जेचा हिशेब मांडण्याचा. हेतू वेगळा, म्हणून रेषा वेगळी.

रेषा ठरली तरी काम संपत नाही. वायूचे आकारमान दाब व तापमानानुसार बदलते, हे नववी-दहावीच्या मुलांना माहीत असते. ‘एक लाख घनफूट’ म्हणजे कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला? टेक्सासात हे प्रमाण दर चौरस इंचाला १४.६५ पौंड दाब आणि ६० अंश फॅरनहाइट तापमान असे आहे. शेजारच्या लुइझियानात तापमान तेच, पण दाब १५.०२५ पौंड. त्यामुळे लुइझियानाचे एक लाख घनफूट म्हणजे टेक्सासचे सुमारे १,०२,५६० घनफूट. वायू तितकाच, आकडा मात्र अडीच टक्क्यांनी वेगळा.

पांढऱ्या तेलाची गोष्ट

नियमात मोजण्याची रीत काटेकोर नसली तर काय होते, याचा धडा टेक्सासच्या उत्तर टोकावरच्या पॅनहँडल क्षेत्राने दिला. या विस्तीर्ण क्षेत्रात तेल आणि वायू जवळजवळ आहेत. पुष्कळ जमिनींवर तेलाचा हक्क एकाकडे आणि वायूचा हक्क दुसऱ्याकडे असा विभागलेला होता. मात्र तेलविहिरीत तेलाबरोबर जो वायू येतो, तो तेलाच्या हक्कदाराला मिळे.

१९७८ च्या कायद्याने देशात वायूच्या किमतींची घडी बदलली आणि नव्या विहिरींच्या वायूला चांगला भाव मिळू लागला. तेलाचे हक्क असलेल्या काही उत्पादकांनी तेव्हा एक युक्ती काढली. वायूचेच प्रमाण फार असलेल्या थरांतून येणारा प्रवाह त्यांनी विहिरीच्या तोंडाशी शीतक यंत्रातून सोडला. आता रसायनशास्त्र आठवा. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस, ब्यूटेनचा उणे अर्धा अंश, पेंटेनचा ३६ अंश. वायू पुरेसा थंड केला, त्यावर थोडा दाब ठेवला, की हे घटक द्रवरूप होतात. अशा रीतीने मिळालेल्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाला ‘पांढरे तेल’ हे नाव पडले. तो द्रव कच्चे तेल म्हणून नोंदवला की एक लाख घनफुटांमागे एक बॅरलची अट पूर्ण होई. विहीर कागदोपत्री तेलाची ठरे आणि वायूही तेलाच्या हक्कदाराचा होई.

वायूच्या हक्कदारांनी अर्थातच हरकत घेतली. १९८० च्या दशकात आयोगापुढे आणि न्यायालयांत हा वाद दीर्घ काळ चालला. प्रश्न शेवटी विज्ञानाचा होता: द्रव म्हणजे ‘तेल’ का? खडकात जे द्रवरूपात होते ते तेल, की वर आणून गोठवल्यावर जे द्रव झाले तेही तेल? यंत्राने थंड करून मिळवलेला असा द्रव विहीर तेलाची ठरवण्यासाठी कच्चे तेल म्हणून मोजता येणार नाही, असा निर्णय अखेर झाला.

येथे लक्षात घेण्याजोगे हे की, पांढरे तेलवाल्यांनी आकडे खोटे लिहिले नव्हते. बॅरल खरे होते, घनफूटही खरे होते. मोजण्यापूर्वी पदार्थाचे काय केले, एवढेच त्या आकड्यांतून दिसत नव्हते. म्हणून कोणतेही मोजमाप नोंदवताना ते कोणत्या परिस्थितीत घेतले हे लिहावे लागते. प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ या रकान्याआधी ‘कृती’ लिहायला आपण मुलांना सांगतो, ते याचसाठी.

ज्यांची नोंदच नाही

वर्गीकरण चुकले तर वाद होतात, पण तो वाद करायला निदान वही तरी असते. मुळात नोंदच नसेल तर? पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये ड्रेक यांच्या प्रसिद्ध विहिरीला तेल लागले आणि अमेरिकेतला तेलाचा धंदा सुरू झाला. परंतु प्रत्येक विहिरीला परवाना आणि नोंद हवी हा नियम तेथे यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत खोदलेल्या असंख्य विहिरी आज नकाशावर नाहीत. त्या शेतांत, जंगलांत, घरांच्या अंगणांतही निघतात. काही नीट बंद केलेल्या नाहीत. त्यांतून मिथेन झिरपतो आणि खारट पाणी पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत पोहोचू शकते.

ज्या विहिरीचा मालक सापडत नाही किंवा दिवाळखोर झाला आहे, तिला ‘अनाथ विहीर’ म्हणतात. अशा विहिरी बंद करण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने २०२१ मध्ये ४.७ अब्ज डॉलरची तरतूद केली. निम्मे काम शोधण्याचे असते: जुने नकाशे, जुनी वर्तमानपत्रे चाळायची, जमिनीतल्या लोखंडी नळ्या चुंबकीय यंत्रांनी हुडकायच्या. ज्या विहिरीचा क्रमांक, जागा आणि आतल्या सिमेंटची खोली लिहून ठेवलेली आहे, तिच्यासाठी यातले काहीच करावे लागत नाही. कोणा कारकुनाने कधीतरी कंटाळत भरलेला कागद पन्नास वर्षांनंतर एखाद्या कुटुंबाचे पिण्याचे पाणी वाचवू शकतो.

वर्गात करून पाहा

१. सोडावॉटरची एक बाटली थंड आणि एक कोमट घ्या. दोन्हींच्या तोंडांना फुगे लावून झाकण उघडल्याबरोबर सुटणारा वायू गोळा करा. फुग्यांच्या आकारात फरक पडतो का? दोन गटांनी बाटल्यांचे तापमान न लिहिता केवळ ‘इतका वायू निघाला’ असे नोंदवले, तर त्यांच्यात कसा वाद होईल याची चर्चा घडवा.

२. एका विहिरीत दर बॅरलमागे ९८,५०० घनफूट वायू मोजला गेला. हे मोजमाप लुइझियानाच्या प्रमाण दाबाचे (१५.०२५) आहे. बॉइलच्या नियमाने टेक्सासच्या प्रमाण दाबाला (१४.६५) किती होईल? उत्तर सुमारे १,०१,०२० घनफूट येते. ही विहीर टेक्सासात असती तर कशाची ठरली असती? आकडा जसाच्या तसा वापरला असता तर?

३. एका गटाने वायू ६० अंश फॅरनहाइटला मोजला, दुसऱ्याने तोच वायू त्याच दाबाला दुपारच्या १०० अंशाला. चार्ल्सच्या नियमाने फरक किती टक्के पडेल? (केल्व्हिनमध्ये रूपांतर करायला विसरू नका. उत्तर सुमारे ७.७ टक्के.)

४. विद्यार्थ्यांना शाळेच्या परिसरातल्या पाण्याच्या विहिरी आणि कूपनलिका यांची यादी करायला सांगा. प्रत्येकीला क्रमांक द्या, जागा व खोली लिहा, चालू की बंद ते लिहा. बंद कूपनलिकांची तोंडे झाकलेली आहेत का, तेही पाहा. उघड्या कूपनलिकेत मूल पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. एखादे तोंड उघडे सापडले, तर ती नोंद वहीत ठेवून थांबू नका, त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा.